ईव्हच्या नातवंडांची एकनाडी

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. सुरुवातीच्या पानांत दुधाचा रतीब, पेपरचं बिल, मुलाच्या क्लासच्या फीच्या तारखा. मधल्या पिनांपासून पुढे मात्र वंशावळी आहेत, आणि त्या आमच्या घराण्याच्या नव्हेत. एका पानावर असं लिहिलंय: 'पिंगळी. आई तांबू, बाप भुंड्या (सख्खे भाऊबहीण!!). डावा पंजा खणायचा, उजवा नख्यांचा. अक्षरं ब-ब. सारखी आजारी. तरी ठेवली.'

पिंगळी म्हणजे मांजर आणि कोल्हा यांच्या मधलं काहीतरी, आणि ती 'नीश' नावाच्या गेममध्ये राहते. हा गेम ज्यूरिकच्या स्ट्रे फॉन स्टुडिओचा. फिलोमेना श्वाब आणि मिका श्टेटलर या दोघांचा हा स्टुडिओ. २०१६ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून त्यांनी तो पुढे नेला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला. आमच्याकडे तो मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर पडून होता. मुलगा हॉस्टेलला गेला, खोलीची झाडलोट करताना मी सहज चालू करून बघितला, आणि त्या दिवशी पोळ्या रात्री साडेनऊला झाल्या.

खेळ असा. षटकोनी घरांचं एक बेट, चारी बाजूंनी समुद्र. त्यावर अ‍ॅडम आणि ईव्ह नावाचे दोन प्राणी. झुडपांवरची फळं तोडायची, सशासारखे 'रॅबिल' मारायचे, घरट्याची सोय करायची आणि पिल्लं वाढवायची. प्रत्येक पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक असं दुहेरी जनुक मिळतं. काही प्रभावी, काही अप्रभावी, म्हणजे अंगात असूनही न दिसणारी. पंचवीस वर्षांपूर्वी बॉटनी घेऊन बीएस्सी करताना पनेटचे चौकोन, म्हणजे आईबापाची जनुकं मांडून पिल्लांचा हिशेब करायचे तक्ते, मी शेकड्यानं काढले होते. परीक्षेनंतर एकदाही लागले नाहीत. आता रोज लागतात.

पण मला खरी गोडी लागली ती गेम जे सांगत नाही त्याची. तो फक्त नियम देतो. त्या नियमांनी चालणारं शरीर आतून कसं असेल, हे आपलं आपण ठरवायचं.

पंज्यांचंच बघा. या प्राण्यांच्या पुढच्या पायांचं जनुक सहप्रभावी आहे. म्हणजे आईकडून खणायचा पंजा आणि बापाकडून नख्यांचा आला, तर दोन्ही दिसतात, एक डाव्या पायाला आणि एक उजव्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्यानं 'छे' म्हणाले होते. कारण सहप्रभावितेचं आम्हाला शिकवलेलं उदाहरण म्हणजे एबी रक्तगट, आणि एबी रक्तगटाच्या माणसाच्या डाव्या हातात ए आणि उजव्या हातात बी रक्त वाहत नसतं. प्रत्येक तांबड्या पेशीवर दोन्ही खुणा असतात. त्या हिशेबानं पिंगळीचे दोन्ही पंजे सारखेच, अर्धे फावडं आणि अर्धे आकडा, असे व्हायला हवे होते.

मग दोन दिवस भाजी चिरताना डोक्यात तेच. असा डावा-उजवा भेद खऱ्या जगात नाही का? आहे की. भरती ओसरल्यावर खाडीच्या चिखलात जो फिडलर खेकडा दिसतो, त्याच्या नराची एक नांगी अंगाएवढी मोठी आणि दुसरी चिमट्याएवढी असते. बहुतेक जातींत निम्म्या नरांची उजवी मोठी असते, निम्म्यांची डावी. पण तिथे दोन नांग्यांना वेगवेगळी जनुकं मिळालेली नसतात. जनुकं तीच, वाढ वेगळी.

पिंगळीच्या जास्त जवळ जाते ती आपली तिरंगी मांजरी. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस ठिपके असलेली. मादीत एक्स गुणसूत्रं दोन असतात. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी त्यातलं एक मिटवून टाकते, आणि त्या पेशीची पुढची सगळी संतती तोच निर्णय पाळते. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. म्हणून एका ठिपक्यात आईचा रंग, शेजारच्या ठिपक्यात बापाचा, आणि म्हणूनच तिरंगी बोका क्वचितच सापडतो. पिंगळीच्या पूर्वजांत असं काही झालं असेल असं मी ठरवून टाकलं. गर्भ दोन बाजूंत विभागला जातो त्या क्षणी एका बाजूनं आईचं जनुक मिटवायचं, दुसऱ्या बाजूनं बापाचं. फक्त हे एक्स गुणसूत्रावर नसावं, कारण भुंड्यासारख्या नरांतही वेगवेगळे पंजे येतात. आणि असं असेल तर मग हा नियम पंजापुरताच का? डावा कान, डाव्या अंगावरचे पट्टे, डावा डोळा हे सगळं एकाच पालकाकडून यायला हवं. तसं होत नाही. म्हणजे माझ्या सिद्धांताला इथे भोक पडलं. ते अजून तसंच आहे, त्यावर मी चहाचा कप ठेवते.

बेअरीनाबद्दल मात्र माझी तक्रार जास्त गंभीर आहे. बेअरीना हा गेममधला शिकारी. नाव अस्वल आणि तरस यांची मोट बांधून केलेलं. इथेच पहिली गडबड. तरस दिसतं कुत्र्यासारखं, पण ते मांजराच्या शाखेतलं, मुंगसाच्या जवळचं. अस्वल कुत्र्याच्या शाखेतलं. दोघांची फाटाफूट कित्येक कोटी वर्षांपूर्वी झालेली. तेव्हा ही सोयरीक होणं शक्यच नाही. बेअरीना हा एकतर तरसासारखा कण्याचा उतार आलेला अस्वल असणार, नाहीतर अस्वलाएवढा माजलेला तरस. मी दुसऱ्या बाजूची. असं अंग येतं ते हाडं फोडून खाणाऱ्याला.

पण खाणार काय? वाघाचा ठोकताळा असा की त्याला वर्षाला साधारण ५० चितळाएवढी जनावरं लागतात, आणि एवढी खाऊनही कळप टिकायचा असेल तर एका वाघामागे सुमारे ५०० जनावरं हवीत. वाघाला वर्षाला कळपाच्या दहा टक्क्यांवर हात मारता येतो, त्याहून जास्त नाही. आता माझं बेट. एका पडद्यात निम्मं मावतं. त्यावर मला एका वेळी चार-पाच रॅबिल दिसतात. एवढ्यावर एक बेअरीना महिनाभरही जगायचा नाही, आणि माझी पोरंही त्याच रॅबिलवर डोळा ठेवून. तो नेहमी कडेकडेनं येतो, त्यामुळे मी मनाशी असं मांडलंय की तो बेटावरचा नाहीच. पलीकडे कुठेतरी मोठी भूमी आहे, तिथून ओहोटीला चालत येणारा, म्हातारा किंवा कळपातून हाकलून दिलेला नर असावा. माझ्या बेटावर तो राहत नाही, इथे तो मरायला येतो आणि मरता मरता कुणालातरी घेऊन जातो.

आणि तो जर बेटावरचाच असेल तर तो खुजा असला पाहिजे. बेटावर अडकलेली मोठी जनावरं पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातात आणि लहान मोठी होतात, हे जे. ब्रिस्टल फॉस्टर यांनी १९६४ मध्ये मांडलेलं निरीक्षण. सिसिली बेटावर एके काळी जेमतेम मीटरभर उंचीचे हत्ती होते, आणि मॉरिशसवर कबुतराच्या कुळातल्या एका पक्ष्याचा डोडो झाला. या न्यायानं माझा बेअरीना शेळीएवढा आणि रॅबिल चांगले डुकराएवढे. पडद्यावर मापपट्टी कुठे आहे? पिंगळी उंदराएवढी नाही कशावरून? हे सुचल्यापासून ती झाडं मला गवताची पाती वाटायला लागलीत.

तर हे सगळं चाललेलं असताना आत्या आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीहून आमच्याकडे, महिनाभर. आत्यानं गेली चाळीस वर्षं लग्नं जमवलीत. पैसे घेत नाही, साडीही घेत नाही, फक्त पंगतीत पहिल्या ओळीत बसते. तिची एक वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक स्थळाला एक पान: गोत्र, देवक, रास, नक्षत्र, नाडी, उंची, पगार. आणि समासात तिचे शेरे. 'मुलगा बोलका, आई बोलू देत नाही.' 'घर स्वतःचं, जिना अरुंद.' आणि स्थळ जरा बेताचं पण टाकवत नाही असं असलं की, 'विचार करायला हरकत नाही.'

काळा चष्मा लावून ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. माझी वही उघडी.

"कुणाचं जमवतेस गं?"

मी सांगितलं. हसली नाही. खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाली, "ही अक्षरं कसली?"

ही अक्षरं हाच सगळ्या दुःखाचा गाभा. गेममध्ये ती इंग्रजी आहेत, वहीत मी अ, ब, क, ड करून टाकलीत. रोगप्रतिकारशक्तीची जनुकं. प्रत्येकाला दोन अक्षरं. दोन वेगवेगळी असली तर प्राणी ठणठणीत, दोन्ही सारखी आली तर तो सारखा आजारी पडतो. म्हणून जोडी लावताना दोघांची अक्षरं वेगळी बघून घ्यायची.

"म्हणजे एकनाडी," आत्या म्हणाली.

मी उडालेच. छत्तीस गुणांतले आठ एकट्या नाडीचे. आद्य, मध्य, अंत्य. दोघांची एकच आली तर शून्य, आणि संततीला बाधा असं सांगून स्थळ परत. नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. २७ नक्षत्रं, तीन नाड्या, वाट्याला नऊ-नऊ. म्हणजे तीनातलं साधारण एक स्थळ इथेच गळतं, आणि जन्मवेळी चंद्र कुठे होता याचा रक्तातल्या कशाशीही काडीचा संबंध नाही. किती चांगली लग्नं या आठ गुणांपायी मोडली असतील. आत्याशी याच्यावरून माझं कॉलेजपासून भांडण आहे. पण 'सारख्यात सारखं नको' हा नियम कुणाच्या तरी मनात आला, आणि तो संततीशीच जोडला गेला, याचं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कौतुक वाटलं. पत्ता चुकीचा, पण गल्ली बरोबर.

माणसातही अशी अक्षरं आहेत. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचा जनुकांचा एक गठ्ठा असतो. बाहेरून आलेला जंतू ओळखायचं काम त्याचं, आणि त्यात जितकं वैविध्य तितके जास्त जंतू ओळखता येतात. १९९५ मध्ये क्लाउस वेडेकिंड यांनी बर्नमध्ये एक प्रयोग केला. ४४ विद्यार्थ्यांना एकच टी-शर्ट दोन रात्री घालून झोपायला सांगितलं, आणि मग ४९ विद्यार्थिनींना ते टी-शर्ट हुंगायला दिले. स्वतःपेक्षा वेगळी एचएलए असलेल्यांचा वास मुलींना सरासरीनं जास्त बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचं उलट झालं. पुढे सगळ्यांना हाच निकाल मिळाला असं नाही, वाद आहेत. पण बर्न आणि ज्यूरिक दोन्ही स्वित्झर्लंडातलीच, आणि 'नीश'मध्ये तर नाकाला भारी किंमत आहे. चांगल्या नाकाच्या प्राण्याला गवताआड लपलेलं सावज आणि शत्रू दोन्ही कळतात. मग माझ्या मते त्यांना एकमेकांची अक्षरंही वासावरून कळत असणार. तांबूला भुंड्याचा वास नक्की आवडला नसेल. भाऊच तो. पण त्यांना विचारलं कुणी? गेममध्ये जोडीदार माऊस निवडतो.

"भावाबहिणीचं का लावलंस मग?" आत्यानं विचारलं.

कारण बेटावर दुसरं होतं कोण? अ‍ॅडम आणि ईव्ह, दोघांची मिळून जास्तीत जास्त चार अक्षरं. अ-ब आणि क-ड धरा. मुलं अ-क, अ-ड, ब-क, ब-ड, सगळी खणखणीत. पण मुलांची मुलांशी लावली की चार नातवंडांत सरासरी एक जोडाक्षरी. आत्येमामे भावंडांत हे सोळात एक येतं. आपल्याकडे सगोत्र चालत नाही पण मामाची मुलगी अनेक घरांत चालते. उत्तरेचा कडकपणा आणि दक्षिणेची मोकळीक या दोहोंच्या मध्ये महाराष्ट्र कसा बसलाय ते इरावती कर्व्यांनी दाखवलंय. आत्याची स्वतःची सासू तिची आत्या होती. त्यामुळे सोळात एक ऐकल्यावर ती जरा गप्प बसली.

"आणि ही पिंगळी ब-ब आहे हे कळल्यावर तिची पुढे पिल्लं का होऊ दिलीस?"

यावर मला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. पिंगळीचा नख्यांचा पंजा. त्या नखीनं ती एकटी रॅबिल लोळवायची, बेअरीनावर चालून जायची. मला तो पंजा सगळ्यांत हवा होता. म्हणून पिंगळीला मी फळं भरवली, आजारी पडली की बाकीच्यांपासून लांब ठेवली, आणि तिची पोरं वाढवली. त्या पोरांतला नख्यांचा पंजा निवडला, पुन्हा निवडला. पाचव्या पिढीत माझ्या टोळीत सगळ्यांना सुंदर नख्या आणि निम्म्यांना ब-ब. मग एक साथ आली. एका पानावर मी नुसत्या फुल्या मारल्यात.

पांढऱ्या वाघांचं हेच झालं. रेवाच्या जंगलात १९५१ मध्ये एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. पिवळ्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्लं होईनात, कारण पांढरं जनुक अप्रभावी. मग त्याच्याच मुलीशी, राधेशी, जोडी लावली आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे झाले. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या पांढऱ्या वाघांच्या बहुतेक वंशावळी मोहनपाशी जाऊन पोचतात. त्यांच्यात तिरळेपणा सर्रास, कारण त्या रंगाबरोबर डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची मांडणी बिघडते. पिंजऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्याला पांढरा रंग तेवढा दिसतो.

"गोरीच पाहिजे म्हणतात ना, तसं," आत्या म्हणाली. तिच्या लाल वहीत 'गोरी हवी' असं लिहिलेली पानं किती असतील कोण जाणे.

गंमत म्हणजे अ‍ॅडम-ईव्हचा खेळ खऱ्या जगातही झालाय. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला केर्गेलेन नावाची फ्रान्सची बेटं आहेत. त्यातल्या ओत नावाच्या बेटावर १९५७ मध्ये मूफ्लाँ जातीच्या रानमेंढ्यांची एक जोडी सोडली. एक नर, एक मादी. त्यांची पुढे शेकड्यांनी प्रजा झाली. पुस्तकी हिशेबानं त्यांचं वैविध्य पिढीगणिक आटत जायला हवं होतं. २००७ मध्ये संशोधकांनी त्यांची जनुकं तपासली तर हिशेबापेक्षा जास्तच वैविध्य निघालं. कारण दुहेरी वेगळी अक्षरं असलेली मेंढरं जगत गेली आणि जोडाक्षरी थंडी-उपासमारीत गळत गेली. त्यांना कुणी फळं भरवली नाहीत. कुणाला त्यांची शिंगं आवडली म्हणून वहीत खूण केली नाही. माझ्या वहीनं जे बिघडवलं ते त्या बेटावर हिवाळ्यानं निस्तरलं. पण मेंढ्यांना विचारलं असतं तर त्यांनी मीच बरी म्हटलं असतं, असंही वाटतं.

"बाहेरची सून आण," आत्यानं निकाल दिला. चाळीस वर्षांचा अनुभव.

फ्लोरिडात हेच केलं होतं. तिथले पॅन्थर, म्हणजे तिथले प्यूमा, वीस-तीसवर आले होते. शेपटीला गाठ, नरांचे वृषण खाली न उतरलेले, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. त्यातल्या पाचींना पिल्लं झाली, शेपट्या सरळ झाल्या, संख्या चढली. २००३ पर्यंत उरलेल्या टेक्सासवाल्यांना तिथून हलवलं. हे ऐकून आत्या म्हणाली, "पोरं झाल्यावर सुनांना घालवून दिलं? चांगली माणसं नाहीत."

गेममध्ये भटके प्राणी अधूनमधून येतात. अन्न देऊन त्यांना टोळीत घेता येतं. पण फुल्यांच्या पानानंतर कितीतरी दिवस कुणी आलंच नाही. मी रोज संध्याकाळी जेवणं आटपून बसायची, आत्या शेजारी डोळ्यांत थेंब घालून मान मागे टाकून. "आलं का कुणी?" "नाही." टोळीत सहा उरले, मग पाच. फळं पुरत होती, कारण खाणारेच कमी.

आत्याचा काळा चष्मा सुटायच्या आदल्या दिवशी गवतात एक जण दिसला. राखाडी, बारका, पंजे अगदीच साधे, नख्यांचं नाव नाही. मी होतं नव्हतं ते अन्न त्याच्यापुढे ठेवलं. टोळीत आल्यावर अक्षरं बघितली. एक इ, जे माझ्याकडे कुणाकडेच नव्हतं. आणि दुसरं ब.

"ब?" आत्या म्हणाली.

"ब."

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, वही जवळ ओढली, डोळे बारीक करून नवीन पान शोधलं, आणि तिच्या त्या तिरक्या अक्षरात वर 'पाहुणा' असं लिहिलं. गोत्राच्या जागी आडवी रेघ. मग थोडा वेळ पडद्याकडे बघून समासात: 'विचार करायला हरकत नाही.'